आवडीची वाटणी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आम्ही पाच मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी आणायचं असं ठरलंय : चित्र, गाणं, पुस्तकातला उतारा, नाहीतर एखादी चाखायची वस्तू. पण तासाभरात 'हे बघ, ते ऐक' अशी घाई होते आणि कुणाचंच काही धड पोचत नाही. काय चुकतंय?

वेळेचं गणित चुकतंय. पाच जणांना एका तासात प्रत्येकी बारा मिनिटं मिळतात, त्यातली चार-पाच फाइल शोधण्यात आणि केबल जोडण्यात जातात. बैठक दीड तासाची करा, तीत दोनच वस्तू ठेवा, प्रत्येकीला पाऊण तास द्या आणि पाळ्या आधीच लावून टाका. ज्याची पाळी नाही, तो त्या दिवशी निवांतपणे फक्त घ्यायला येतो. 'माझं कधी दाखवू' ही धाकधूक मनात असली की दुसऱ्याचं अर्धंच ऐकू येतं.

पाऊण तास असा वापरा. आणणाऱ्याने वस्तूचं नाव, ती कुणाची आणि कधीची, एवढंच दोन वाक्यांत सांगावं. मग थेट वस्तू. ती संपल्यावर तीन मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहायच्या : लक्ष कुठे गेलं आणि लक्ष कुठे उडालं. त्यानंतर बोलणं. सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरुवात करा. आणणाऱ्याने अगदी शेवटी बोलावं.

लिहिण्याचा आग्रह पोकळ नाही. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात लोकांना रेषांची लांबी जुळवायला सांगितली होती. उत्तर डोळ्यांसमोर स्पष्ट होतं, पण गटातली बाकीची माणसं (ती प्रयोगाला सामील होती) ठरवून चुकीचं उत्तर देत. जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर दिलं. रेषेच्या लांबीवर जर माणूस असा डळमळतो, तर गाण्यावर पहिल्या बोलणाऱ्याचं मत बाकीचे किती सहज उचलत असतील! आधी कागदावर लिहिलेलं मत मात्र टिकतं.

आणणाऱ्याने स्तुती मागे का ठेवायची, तेही सांगतो. 'यासारखं दुसरं काही नाही' असं आधीच म्हटलं की समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात : होकार भरायचा किंवा मित्राचं मन मोडायचं. दोन्हींमध्ये वस्तू बाजूलाच राहते. गट चार ते सहा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की एकाच खोलीत दोन गप्पा सुरू होतात.

प्रश्न : मला जे गाणं ऐकून काटा येतो, तेच मैत्रिणीला ऐकवलं की ती 'छान आहे' म्हणून विषय बदलते. ऐकवण्याची काही पद्धत असते का?

असते, आणि तिची सुरुवात यंत्रापासून होते. बहुतेक वेळा मैत्रिणीने गाणं ऐकलेलंच नसतं. फोनच्या स्पीकरमधून जेवढं बाहेर आलं, तेवढंच ऐकलेलं असतं. डबल बास या उभ्याने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) वाजते, आणि बास गिटारचीही तेवढ्यावरच. फोनच्या स्पीकरमधला चिमुकला पडदा तेवढी हवा हलवूच शकत नाही. ज्या खर्जाच्या चालीवर तुमचा जीव आहे, ती त्या खोलीत आलेलीच नसते. तुमच्या डोक्यात मात्र ती आठवणीने भरून निघते, म्हणून फरक तुमच्या लक्षात येत नाही.

दोन स्पीकर असतील तर ते आणि ऐकणारी व्यक्ती यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरमधला वरचा छोटा शंकू (उंच स्वर वाजवणारा भाग) कानाच्या उंचीवर आणा. भिंतीपासून शक्य तर अर्धा मीटर पुढे घ्या. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. चार-पाच जण असतील तर त्रिकोणाच्या टोकाची खुर्ची एकच असते, तेव्हा दर गाण्याला खुर्च्या बदला. १९५०च्या दशकाच्या मध्याआधीची मुद्रणं बहुतेक मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेली, आहेत. त्यांच्यासाठी एकच चांगला स्पीकर पुरतो आणि खुर्च्यांचा प्रश्नही उरत नाही.

मग आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी केला की आपला कान खर्जाला इतर स्वरांपेक्षा जास्त बहिरा होतो. म्हणून 'हळू लावते, कुणाला त्रास नको' या सौजन्यात गाण्याचा तळच निघून जातो. ऐकण्याच्या जागी ७० ते ७५ डेसिबल ही बऱ्याचशा संगीताला सुखाची पातळी आहे. फोनवरचं आवाज मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून दोन गाण्यांची तुलना करायला ते चालतं. तुलना करायची असेल तर हे कराच. दोन मुद्रणांत एक-दोन डेसिबलचा फरक असला, तर मोठ्याने वाजणारं 'जास्त मोठं' वाटत नाही, 'जास्त चांगलं' वाटतं. 'जुनं मुद्रण चांगलं की नवं' हे कितीतरी वाद खरं तर आवाजाच्या बटणाचे असतात.

निवड करताना हात आखडता घ्या. एकूण वीस मिनिटं, जास्तीत जास्त तीन रचना. मोठी रचना असेल तर तुकडा तोडू नका. ती एकटीच लावा. एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीची, एक बाजू साधारण बावीस मिनिटांची असायची, आणि तेवढा वेळ लक्ष टिकतं हा अनुभव रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या पिढ्यांनी घेतलाय.

आणि रचना दोनदा लावा. आमच्या मते या साऱ्यात हीच सर्वांत उपयोगी सूचना आहे. पहिल्यांदा काहीही न सांगता. नंतर एकच खूण द्या : 'या वेळी फक्त खालचा आवाज धर', किंवा 'दुसऱ्या कडव्यात ताल देणारा काय सोडून देतो ते बघ'. मग पुन्हा लावा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८मध्ये मांडलं की नुसत्या पुन्हापुन्हा भेटीनेही अनोळखी गोष्ट आवडू लागते. त्यात धरायला दोरी मिळाली तर कान आणखी लवकर उघडतो. शब्द परक्या भाषेतले असतील तर अर्थ दोन ऐकण्यांच्या मध्ये सांगा. गाणं सुरू असताना हातात कागद दिला की डोळे वाचू लागतात आणि कान मागे पडतात.

सर्वांत जास्त नुकसान कशाने होतं? 'आता येईल बघ, आता!' असं म्हणण्याने. तुम्ही जागा दाखवली की ती जागा स्वतः सापडण्याचा आनंद तुम्हीच घेऊन टाकता. गाणं चालू असताना मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. खिडकीकडे तोंड करून बसा.

प्रश्न : आम्ही तिघे आता वेगवेगळ्या शहरांत आहोत. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाणी ऐकतो, पण आवाज फाटतो, मध्येच गायब होतो. उपाय?

कॉलमधून गाणं पाठवूच नका. कॉलची यंत्रणा माणसाचं बोलणं उचलायला घडवलेली असते. सलग चालणारा वाद्याचा स्वर तिला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट वाटतो आणि ती तो पुसून टाकते. तिघांनीही तेच मुद्रण आपापल्या घरी लावावं, हेडफोन घालावेत, माइक बंद करावेत आणि कॉल फक्त चेहऱ्यांपुरता ठेवावा. एकाने 'तीन, दोन, एक' मोजायचं आणि 'एक'नंतर सगळ्यांनी बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाचा फरक राहील, त्याने काही बिघडत नाही. आधी तिघांकडच्या मुद्रणाची लांबी मिनिट-सेकंदांत पडताळा. एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघालेल्या असतात. त्यात सात सेकंदांचा फरक दिसला तर तुम्ही वेगळंच काही ऐकताय.

एकालाच पाठवायचं असेल तर माइकसमोर स्पीकर धरण्याऐवजी संगणकाचा आवाज थेट शेअर करण्याचा पर्याय निवडा आणि गोंगाट दाबणारी सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

एकत्र वाजवण्याचा बेत मात्र सोडा. दोन वादकांमधला विलंब २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की लय ओढली जाते, आणि नेहमीच्या कॉलमध्ये तो त्याच्या कितीतरी पट असतो.

प्रश्न : मित्राने अगदी मनापासून दिलेलं पुस्तक आवडलं नाही, तर काय सांगावं?

खरं सांगावं, पण पान क्रमांकासकट. 'नाही आवडलं' यावर बोलणं संपतं. 'साठाव्या पानापर्यंत मी सोबत होतो, नंतर निवेदक सगळं स्वतःच समजावून सांगायला लागला तिथे सुटलो' यावर बोलणं सुरू होतं. त्याला उलट विचारा : 'तुला त्यातलं कुठलं पान परत वाचावंसं वाटतं?' ते पान मात्र नक्की वाचा. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर तेही सांगा. वाचल्याचा आव आणला तर पुढची शिफारस चुकीच्या पायावर येते, आणि हे दोघांचंही नुकसान आहे.

प्रश्न : चहा, कॉफी, चॉकलेट यांचे प्रकार मित्रांसोबत चाखून बघायचे आहेत. 'मला फरक कळतो' असं सगळेच म्हणतात. तो खरंच कळतो का, हे कसं पाहायचं?

त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे कप घ्या. दोनांत एक प्रकार, एकात दुसरा. 'वेगळा कोणता?' एवढाच प्रश्न. नुसत्या अंदाजानेही तीनातून एकदा उत्तर बरोबर येतंच. पण पाच जणांपैकी चौघांनी किंवा पाचही जणांनी बरोबर ओळखलं, तर ते निव्वळ नशिबाने घडण्याची शक्यता सुमारे साडेचार टक्के उरते. तेव्हा फरक खरा मानायला हरकत नाही. ओतणाऱ्याने चाखू नये आणि चाखणाऱ्यांना चेहरा दाखवू नये. कपांवर १, २, ३ लिहू नका, मन लगेच 'पहिला म्हणजे उत्तम' असं ठरवतं. ४८२, ७१५, २३९ असे आकडे लिहा. वेगळा कप प्रत्येकासमोर वेगळ्या जागी ठेवा.

आता सारखेपणा सांभाळा, कारण इथेच सगळं फसतं. एक कप दुसऱ्यापेक्षा गरम असला तरी तो 'वेगळा' म्हणून ओळखला जातो. एकाच जाडीचे कप घ्या, एकाच वेळी ओता, प्रत्येकी ३० ते ४० मिलिलीटर. वाफाळत्या पेयात जीभ पोळते आणि चव कळत नाही. हाताला सुखाने धरता येईल इतकं निवू द्या. चहाच्या तुलनेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३ : १०० मिलिलीटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं झाकून. हा चहा पिण्यासाठी कडक वाटेल. तो तुलनेसाठीच आहे. उणिवा उघड्या पडाव्यात म्हणून इतका वेळ. कॉफी चाखणाऱ्यांचं प्रमाण १५० मिलिलीटरला ८.२५ ग्रॅम, पाणी सुमारे ९३ अंश. जाडसर दळलेल्या पुडीवर पाणी ओता, चार मिनिटं हात लावू नका, मग वर आलेली साय चमच्याने मोडा. मोडताना नाक कपाशी हवं, पहिला दरवळ तेव्हाच सुटतो. वरचा फेस काढून टाका आणि चाखायला आणखी पाच-सहा मिनिटं थांबा. निवत जाताना तीच कॉफी दोनदा-तीनदा चाखा. गरम असताना लपलेला आंबटपणा कोमट कपात पुढे येतो.

चॉकलेट फ्रिजमध्ये असेल तर तासभर आधी बाहेर काढा, पण वेष्टनासकट. उघडं काढलं तर त्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरट खरखरीत थर येतो. कोको बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे तोंडाच्या उष्णतेला वितळतं. म्हणून ५ ग्रॅमचा तुकडा चावू नका, जिभेवर ठेवून विरघळू द्या. सौम्याकडून कडूकडे जा. मध्ये कोमट पाणी प्या. गार पाण्याने जिभेवरची चरबी घट्ट होते आणि पुढचा तुकडा मेणासारखा लागतो. सोबत साधा पाव ठेवा. पाच-सहा नमुन्यांनंतर थांबा. सातव्याबद्दलचं मत ही थकलेल्या जिभेची तक्रार असते.

एक छोटा प्रयोग जरूर करा. नाक चिमटीत धरून चॉकलेट विरघळू द्या. फक्त गोड आणि कडू लागेल. आता नाक सोडा. फुलं, फळं, भाजल्याचा वास, सगळं एकदम उमलतं. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा घशामागून नाकात जाणारा वास असतो. त्यामुळे त्या दिवशी अत्तर, सुगंधी साबण आणि उदबत्ती कटाक्षाने टाळा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, हा शाळेतला नकाशाही सोडून द्या. १९०१च्या एका जर्मन लेखातल्या बारीक फरकांचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो पुस्तकांतून पसरला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

आणि बोलावण्यापूर्वी प्रत्येकाला ॲलर्जीबद्दल विचारा. दूध, शेंगदाणे, सुकामेवा यांचे अंश चॉकलेटमध्ये यादीबाहेरही असू शकतात; वेष्टनावरची बारीक सूचना वाचा. डोळे बांधून चाखायला देण्याआधी तर हे हवंच.

प्रश्न : मित्रांसोबत कलासंग्रहालयात गेलो की तासाभरात पाय दुखतात, डोकं जड होतं. चित्रांची आवड असूनही असं का?

कारण तुम्ही सगळं बघायला जाता. या थकव्यावर बोस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६मध्येच लेख लिहिला. मांडणीमुळे बघणाऱ्याला किती वाकावं, ताणावं लागतं याची छायाचित्रं त्यांनी घेतली होती. दुसरीकडे २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबत होते, आणि निम्मे लोक १७ सेकंदांपेक्षा कमी. म्हणजे पाय तासभर चालतात आणि डोळ्यांना काहीच लागत नाही.

पहिली पंधरा मिनिटं न थांबता दालनं फिरा. प्रत्येकाने मनात एकेक कलाकृती धरायची आणि मग एकमेकांना आपापल्या कलाकृतीकडे न्यायचं. चौघे असाल तर चार कलाकृती, प्रत्येकीसमोर दहा मिनिटं. घडीचं स्टूल मिळत असेल तर मागून घ्या. आधी पाच पावलं लांबून बघा, मग जवळून, मग पुन्हा लांबून. प्रकाश कुठून येतोय, चौकटीच्या कडांशी काय कापलंय, सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा शेजारी आहेत का, हे शोधा. पाटी शेवटी वाचा. शक्य असेल तर पाच मिनिटं पेन्सिलने रेखाटन करा. चित्र काढता येत नसलं तरी. हात फिरला की डोळा थांबतो. शाई बऱ्याच संग्रहालयांत चालत नाही, म्हणून पेन्सिलच न्या आणि परवानगी विचारा.

जलरंग आणि कागदावरची कामं असलेली दालनं मुद्दाम अंधारी असतात. तिथे प्रकाश साधारण ५० लक्सवर (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात, कारण प्रकाशाने झालेली रंगाची हानी परत भरून येत नाही. आत शिरल्यावर पाच मिनिटं डोळे स्थिरावू द्या, मगच बघायला लागा.

घरी पडद्यावर दाखवणार असाल तर रात्रीचा पिवळा फिल्टर बंद करा. तो निळ्याचा जीव घेतो. आणि मूळ आकार दाखवा. पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे. भिंतीवर चिकटपट्टीने तेवढा आयत आखायचा प्रयत्न केलात तर भिंत पुरणार नाही, आणि चित्राबद्दलची ती पहिली खरी माहिती असेल.

प्रश्न : आमच्या वाचनगटात निम्मे लोक पुस्तक न संपवताच येतात.

पुस्तक निवडण्याआधी वेग मोजा. प्रत्येकाने त्या पुस्तकाची दहा पानं घड्याळ लावून वाचावीत. वीस मिनिटं लागली, तर २५० पानांना ५०० मिनिटं. रोज वीस मिनिटं वाचणाऱ्याला पंचवीस दिवस. महिन्याच्या गटाला हे जेमतेम बसतं. ४०० पानांचं पुस्तक बसत नाही, त्याला दोन बैठका द्या. मधल्या टप्प्यांची आठवण प्रकरणांच्या क्रमाने करा, पानांच्या नाही; आवृत्त्या वेगळ्या असल्या की पानं जुळत नाहीत. न संपवलेल्यांनाही येऊ द्या, पण पहिला पाऊण तास सर्वांनी वाचलेल्या भागावर आणि शेवटाची चर्चा त्यानंतर, हे आधीच जाहीर करा. अनुवादित पुस्तक असेल आणि दोन अनुवाद उपलब्ध असतील, तर एकच परिच्छेद दोन्हींतून मोठ्याने वाचा. पुस्तक न वाचलेला माणूसही त्यात पूर्ण सामील होतो.

प्रश्न : उसनं दिलेलं पुस्तक भिजून परत आलं. वाचवता येईल का? आणि पुढे देताना काय काळजी घ्यावी?

आधी कागद बघा. पानं गुळगुळीत, चकचकीत असतील तर ती सुकताना एकमेकांना कायमची चिकटतात; असं पुस्तक ताबडतोब प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकाराला दाखवा. साधा कागद असेल तर घरी जमतं, पण ४८ तासांच्या आत सुकवायला हवं, नंतर बुरशी धरते. पिळू नका, पानं ओढून सोडवू नका. दर वीस-तीस पानांनी छपाई नसलेला टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. नुसतं दमट राहिलं की पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघडा आणि खोलीतला पंखा फिरता ठेवा, झोत थेट पानांवर नको. ऊन आणि केस वाळवायचं यंत्र दोन्ही टाळा. बाहेरची कड आतल्यापेक्षा आधी आक्रसते आणि बांधणी वाकडी होते. पूर्ण कोरडं झाल्यावरच सपाट वजनाखाली आठवडाभर ठेवा. किंचित दमट असताना वजन ठेवलंत तर आत बुरशी वाढेल.

पुढे देताना वहीत नाव, पुस्तक, तारीख लिहा आणि परतीची तारीख घेणाऱ्यालाच ठरवू द्या. स्वतः सांगितलेली तारीख माणूस जास्त पाळतो. पेन्सिलच्या खुणा चालतील का, हे देतानाच सांगा. ज्या प्रतीच्या समासात तुमच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत ती देऊ नका. मित्राला ते पुस्तक वाचायलाच हवं असं वाटत असेल तर जुनी दुसरी प्रत शोधून तीच देऊन टाका.